गोष्टीत बुडणारा भाऊ रात्री बाइक का पळवतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, नेहमीचाच आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की हे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची एकमेकांत गाठ बसल्यामुळे तुमच्या घरात भांडण पेटलंय.

तुम्ही लिहिता ते थोडक्यात असं. भाऊ 20 वर्षांचा, नागपुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तुम्ही नोकरीसाठी पुण्यात. तो लहानपणापासून पुस्तकात डोकं घालून बसणारा, जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या. आधी रहस्यकथा, मग भयकथा, आता त्यात रात्र-रात्र वेब सिरीजची भर. गेल्या सहा-सात महिन्यांत मित्रांबरोबर मध्यरात्री बाइक घेऊन आउटर रिंग रोडला जायला लागलाय. एकदा पहाटे रामटेकला जाऊन आला. एकदा झिल्पीच्या तलावात उतरला, पोहणं जेमतेम येत असताना. त्याचा व्हिडिओ तुम्हाला त्याच्या फोनमध्ये सापडला. आईने पुस्तकांच्या कपाटाला कुलूप घातलं, रात्री दहाला वायफाय बंद करायला सुरुवात केली. तिचं म्हणणं, "पुस्तकांनीच डोकं फिरवलं जी त्याचं, स्वतःला हिरो समजून राहिला." तुम्ही विचारता, गोष्टींमध्ये इतकं गुंतणाऱ्या मुलांना धोक्याची चटक खरंच लागते का? आणि कपाट उघडायचं की बंदच ठेवायचं?

कपाटाचं आधी सांगते. उघडा, आजच उघडा. का, ते सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

मी नागपुरात 22 वर्षं समुपदेशन करते, त्यात निम्म्याहून जास्त मुलं अठरा ते पंचवीसमधली. तरी तुमचा भाऊ मला इथून दिसत नाही, हे लक्षात ठेवून वाचा. त्याची झोप किती, पिणं-बिणं आहे का, घरात गेल्या वर्षी काही घडलं का, परीक्षेत मागे पडलाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि उत्तर बरंचसं त्यावरच ठरतं. खाली ज्या मुलामुलींबद्दल लिहिलंय त्यांचे तपशील ओळखू येऊ नयेत इतके बदलले आहेत.

तर पहिला प्रश्न: गोष्टीत गुंतणं म्हणजे नेमकं काय होतं? याला मानसशास्त्रात चांगला अभ्यास आहे. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या दोघांनी 2000 साली हे गुंतणं मोजायची एक प्रश्नावली तयार केली. वाचताना आजूबाजूच्या हालचालींकडे लक्ष जात होतं का, प्रसंग डोळ्यांपुढे उभे राहत होते का, शेवट काय होईल याची उत्सुकता होती का, गोष्टीने मनावर परिणाम केला का, अशा धर्तीचे प्रश्न. त्यांनी याला 'प्रवास' म्हटलं: वाचणारा स्वतःच्या खोलीतून उठून काही काळ दुसऱ्या जगात राहायला जातो, आणि परत येतो तेव्हा तिकडचं थोडंफार सोबत घेऊन येतो. त्याच्याही आधी, 1974 मध्ये, टेलेगेन आणि ॲटकिन्सन यांनी दाखवलं होतं की अशी तल्लीन होण्याची ताकद माणसामाणसांत कमीजास्त असते. काही लोक सूर्यास्त बघतानाही हरवतात, काहींना कीर्तनातही घड्याळ दिसतं.

माझ्या खोलीत मी याची परीक्षा साध्या प्रश्नाने घेते. "वाचताना आई हाक मारते ती ऐकू येते का?" खरे बुडणारे हसतात आणि म्हणतात, ऐकू येते पण ती मला नाही असं वाटतं. तुमचा भाऊ या जातीचा दिसतो. ही ताकद आहे, आजार नाही. दुसऱ्याच्या मनात शिरणं याच मुलांना बरं जमतं असं मी वारंवार पाहिलंय.

आता थरार. याचा सगळ्यात मोठा अभ्यासक मार्विन झुकरमन. गंमत म्हणजे तो थरारापासून सुरू झालाच नाही, अगदी उलट टोकापासून झाला. लोकांना अंधाऱ्या, शांत खोलीत काहीही न करता ठेवायचं आणि काय होतं ते बघायचं, अशा प्रयोगांवर तो काम करत होता. काही लोक निवांत पडून राहत, काही थोड्याच वेळात तळमळायला लागत. हा फरक मोजता येईल का, या विचारातून 1964 मध्ये त्याची पहिली प्रश्नावली आली. पुढे 1978 मध्ये 40 प्रश्नांची जी आवृत्ती आली, तिच्यात या ओढीचे चार भाग पडतात. एक, अंगावर काटा आणणारे शारीरिक थरार: उंचावरून उडी, वेग, पाण्यात सूर मारणं. दुसरा, नव्या अनुभवांची भूक: अनोळखी गाव, अनोळखी संगीत, वेगळ्या विचारांची माणसं. तिसरा, लगाम सोडणं: दारू, पार्ट्या, 'आज काही होऊ दे'. चौथा, कंटाळा अजिबात न सोसणं.

हे चार भाग मी इतकं लांबवून सांगतेय, कारण तुमच्या आईचा आणि तुमचा वाद इथेच सुटण्यासारखा आहे. आपण 'पोराला थरार पाहिजे' असं एका शब्दात म्हणतो, पण या चारही गोष्टी एका मुलात सारख्या असतील असं नाही. आणि गोष्टींशी यातल्या फक्त एकाचं जवळचं नातं मला दिसतं, ते दुसऱ्या भागाचं. ज्याला नवे अनुभव हवे असतात त्याला नवी जगंही हवी असतात, कागदावरची का होईना. बुडून वाचणारा मुलगा आणि एकटाच पाठीवर बॅग टाकून बस्तरला जाणारा मुलगा हे कधीकधी एकच असतात.

बाकी तीन भागांशी मात्र गोष्टीत बुडण्याचं नातं ढिलं आहे. चौथ्या भागाशी तर उलटंच म्हणावं लागेल. कंटाळा न सोसणाऱ्या मुलाला पाचशे पानांची कादंबरी पेलत नाही. पहिल्या चाळीस पानांत काही घडलं नाही की तो फोन उचलतो. तुमचा भाऊ लहानपणापासून तासन्‌तास एका जागी बसून वाचतोय, याचा अर्थ संथपणा सहन करण्याची ताकद त्याच्यात आहे. आईला हे सांगून बघा, तिला बरं वाटेल.

भयकथा आणि मारधाडीचे सिनेमे आवडण्याचा आणि थरारप्रेमाचा संबंध संशोधनात सापडतो, तो मी नाकारत नाही. पण आवडणं एक आणि बुडणं दुसरं. एखाद्याला भयपट आवडतो तो मित्रांच्या घोळक्यात आरडाओरडा करत बघायला, गोष्टीत तो असतोच कुठे? आणि दुसरी एखादी तीच गोष्ट एकटी, पांघरुणात, रडत वाचते.

महालातली एक मुलगी माझ्याकडे येत असे. वाचनाचं वेड इतकं की दोन वाचनालयांची सभासद. तिच्या डोक्यात समुद्री वादळं, घोडेस्वार, खुनी, सगळं असायचं. आणि प्रत्यक्षात? बडकस चौकातला रस्ता ओलांडायला तिला कुणाचा तरी हात लागायचा. तिची अडचण भित्रेपणा होती, धाडस अजिबात नाही. त्याच वर्षी आलेला दुसरा एक मुलगा दहावीनंतर पाठ्यपुस्तकाशिवाय काहीही न वाचलेला, सिनेमा लावला तरी अर्ध्यात उठणारा. संक्रांतीला कठडा नसलेल्या गच्चीवर मागे बघता बघता पतंग उडवायचा आणि वर्षभर बाइकचं पुढचं चाक उचलून चालवायचा. दोन वेळा प्लास्टर. गोष्टीचा आणि त्याचा दूरान्वयानेही संबंध नव्हता. 22 वर्षांच्या वहीत अशी दोन्हींपैकी एकच ओढ असलेली मुलं जास्त. दोन्ही असलेली, तुमच्या भावासारखी, मधली. ती कमी असतात पण लक्षात राहतात, म्हणूनच कदाचित लोकांना 'वाचून बिघडला' असं वाटतं.

मग गोष्ट काहीच करत नाही का? करते. माझं मत असं झालंय की भूक गोष्टीमुळे लागत नाही, पण लागलेल्या भुकेला कुठला पदार्थ हवा, ते गोष्ट सुचवते.

भूक कुठून येते ते बघा. तुमचा भाऊ 20 वर्षांचा. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 11 देशांतल्या 10 ते 30 वयाच्या 5,000 हून अधिक जणांची चाचणी घेतली, ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात भारतही होता. थरार हवासा वाटणं साधारण 19 व्या वर्षी शिगेला पोचतं आणि मग उतरतं. स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र हळूहळू वाढत विशीच्या मध्यापर्यंत पक्की होते. म्हणजे एक्सलरेटर पूर्ण दबलेला आणि ब्रेक अजून बसवणं चालू, अशी ती दोन-चार वर्षं. तुमचा भाऊ बरोब्बर त्यांच्या मध्यावर आहे. पुस्तकं तो दहा वर्षांचा असल्यापासून वाचतोय, बाइक सहा महिन्यांपासून पळवतोय. पुस्तकं कारण असती तर मधली वर्षं कुठे गेली, हे आईला विचारायला हरकत नाही. (जरा सांभाळून विचारा. आईला वादात हरवून काही मिळत नाही.)

आता पदार्थ. 20 वर्षांच्या ज्या मुलाने गोष्टी वाचलेल्या नसतात, त्याच्या अस्वस्थपणाला आकार नसतो. तो चौकात उभा राहतो, कुणाशी तरी भांडतो. गोष्टी वाचलेल्या मुलाच्या अस्वस्थपणाला दृश्य असतं: रात्र, रिकामा रस्ता, तलावाचं काळं पाणी, पहाटे गडावर पोचणं. तुमच्या भावाच्या तिन्ही उचापती बघा. मध्यरात्र, पहाट, पाणी. तिन्ही एखाद्या प्रकरणाच्या सुरुवातीसारख्या आहेत की नाही?

त्यात धोका कुठे आहे ते नीट पकडायला हवं, कारण इथे आईचं थोडं बरोबरही आहे. आपल्याकडच्या रसविचारात हा मुद्दा फार जुना आहे. भय ही भावना प्रत्यक्षात कुणालाच नको असते, तरी रंगमंचावरचा भयानक रस आपण आवडीने घेतो. का? काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताने जिवाच्या आकांताने पळणाऱ्या हरणाचं उदाहरण घेऊन सांगितलं की काव्यातलं हे भय माझं नसतं, शत्रूचं नसतं, तिऱ्हाइताचंही नसतं. ते कुणा एकाचं नसल्यामुळेच त्याची चव घेता येते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर चालणारं नाटक पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खलनायक आला की मंडपातल्या बाया शिव्या घालतात, आणि सकाळी तोच नट चहाच्या टपरीवर भेटला तर त्याची चौकशी करतात.

मायकेल ॲप्टर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हेच आधुनिक भाषेत मांडलं. त्याचं म्हणणं, थराराला दोन गोष्टी लागतात: वाघ आणि पिंजरा. नुसता वाघ असेल तर भीती, नुसता पिंजरा असेल तर कंटाळा. आपण विदर्भातले लोक हे पेंचच्या जिप्सीत बसून दर हिवाळ्यात अनुभवतो, फक्त तिथे पिंजरा म्हणजे आपण बसलेली गाडी आणि गाइडची ताकीद.

पुस्तकात पिंजरा आपोआप मिळतो. कितीही बुडालात तरी पान मिटता येतं. अडचण कधी होते? पुस्तकातला वाघ रस्त्यावर आणला जातो आणि पिंजरा आणायचा राहून जातो तेव्हा. मनाला मात्र तो अजून आहे असंच वाटत असतं. गोष्टीचा नायक तिसऱ्या प्रकरणात मरत नाही, ही सवय इतकी मुरलेली असते की झिल्पीच्या पाण्यात उतरतानाही ती कुठेतरी तळाशी काम करते. आईचं "हिरो समजून राहिला" हे वाक्य एवढ्यापुरतं अचूक आहे. नागपूरच्या आसपासच्या तलावांत दर पावसाळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. ती सगळी काही कादंबऱ्या वाचणारी नसतात. पण 'आपल्याला काही होत नाही' हे त्या सगळ्यांना वाटलेलं असतं.

गोष्टी-गोष्टींतही फरक करा. पीटर फिशर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये धोक्याचं कौतुक करणाऱ्या माध्यमांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. अशा माध्यमांचा धोका पत्करण्याशी संबंध आढळला, आणि तो नुसतं बघण्यापेक्षा स्वतः भाग घेण्यात, म्हणजे रस्त्यावरच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये, जास्त होता. इथे शब्द महत्त्वाचा आहे: कौतुक. ज्या गोष्टीत वेगाची किंमत कुणीतरी मोजतं, ज्यात अपघातानंतरची आई असते, दवाखान्याचं बिल असतं, ती गोष्ट वेगळी. चांगल्या रहस्यकथेत प्रत्येक कृतीचा पाठलाग होतो आणि परिणाम सापडतोच. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये तो कापलेला असतो. तुम्हाला चिंताच करायची तर मी कपाटाची करणार नाही, त्या रील्सची करेन.

कपाटाबद्दल आता माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. एक वडील त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा रात्रभर वाचायचा, कॉलेजला दांड्या मारायचा, अधूनमधून मित्राची गाडी घेऊन कामठी रोडवर सुसाट जायचा. मी नवी होते आणि मला काहीतरी ठाम सांगायचं होतं. मी म्हटलं, परीक्षेपर्यंत पुस्तकं बंद करा. वडिलांनी शब्दशः पाळलं, पोत्यात भरून माळ्यावर टाकली. दीड महिन्याने ते परत आले. मुलगा आता रोज रात्री बाहेर असायचा. आधी आठवड्यातल्या पाच रात्री तो पुस्तकात असे आणि दोन रात्री रस्त्यावर. मी त्या पाचही रात्री रस्त्याला देऊन टाकल्या होत्या. त्याला इजा झाली नाही, हे त्याचं नशीब. त्यात माझं श्रेय काही नाही.

पुढे एक अभ्यास वाचला तेव्हा ही चूक आणखी टोचली. गॉर्डन डाल आणि स्टेफानो देल्लाविन्या या अर्थशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवलं की ज्या दिवशी हिंसक सिनेमांना मोठी गर्दी होते, त्या दिवशी संध्याकाळी आणि रात्री हिंसक गुन्हे घटतात. वाढत नाहीत, घटतात. त्यांनी दिलेलं कारण अगदी साधं आहे. जे तरुण एरवी बाहेर पिऊन भांडले असते, ते त्या वेळी खुर्चीत बसलेले असतात. हा निष्कर्ष त्या दिवसापुरता आहे, अशा सिनेमांचा वर्षानुवर्षांचा परिणाम त्यातून कळत नाही. पण रात्री अकरा ते दोन हे तास कुठे जातात, एवढा प्रश्न तुमच्या घरासाठीही तोच आहे. दहाला वायफाय बंद, कपाटाला कुलूप, बाहेर मे महिन्यात दिवसभर 45 अंशांत भाजून निघालेलं आणि आत्ता कुठे निवलेलं शहर, खाली मित्राचा हॉर्न. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात, तिथे मी थांबणार आहे. "मित्रांबरोबर."

गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा 2005 चा एक प्रयोग आहे. व्हिडिओ गेममध्ये गाडी चालवायची, पिवळा दिवा लागला की थांबायचं की दामटायची ते ठरवायचं. प्रत्येक गटातले काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे दोघे उभे होते. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी सोबती असताना एकट्याच्या जवळपास दुप्पट धोका घेतला. अठरा ते बावीसच्या तरुणांनीही एकटे असतानापेक्षा बराच जास्त घेतला. चोविशीच्या पुढच्यांवर सोबतीचा असा परिणाम दिसला नाही. तुमचा भाऊ मधल्या गटातला.

मी कुठल्याही मुलाला 'बाइक का पळवतोस' असं विचारत नाही. विचारते, "मागच्या सीटवर कोण असतं?" या एका प्रश्नातून जेवढं कळतं तेवढं मोठ्या चाचणीतूनही कधीकधी कळत नाही. कुणी सांगतं, कुणीच नसतं, मी एकटाच जातो. मग मी सावध होते, त्याबद्दल पुढे लिहिते. कुणी सांगतं, अमुक असतो, तो म्हणतो "दाब बे". आणि हल्ली तिसरं उत्तर फार येतं: मागच्या सीटवर व्हिडिओ काढणारा असतो. आता दोन मित्र पुरत नाहीत, फोनमधून दोनशे जण शेजारी येऊन उभे राहतात. तुमच्या भावाचा तलावातला व्हिडिओ कुणीतरी काठावरून काढलाय. तो कुणी काढला आणि किती जणांना पाठवला, हे शोधलंत तर त्याच्या कपाटातली दोनशे पुस्तकं चाळण्यापेक्षा जास्त हाती लागेल.

गोष्टीत बुडणाऱ्या मुलांचं इथे एक खास दुखणं असतं. बरीच वर्षं ती एकटी असतात. शाळेत 'पुस्तकी किडा' म्हणून चिडवलेली. कॉलेजमध्ये पहिल्यांदा टोळी मिळते, आणि टोळीत जागा टिकवायला काहीतरी करून दाखवावं लागतं. याच्याकडे कल्पना असतात, त्यांच्याकडे गाड्या. "चला, पहाटे रामटेकला सूर्योदय बघू" हे कुणाला सुचलं असेल? मला दाट संशय आहे की तुमच्या भावालाच. ती टोळी तोडायला जाऊ नका. ती त्याला किती वर्षांनी मिळाली, याचा विचार करा.

मग करायचं काय. कपाट उघडा हे सांगून झालं. उघडताना आईने दोन शब्द बोलले तर फार छान, 'मी घाबरले म्हणून कुलूप लावलं' एवढेच. ते खरंही आहे.

त्यानंतर पुण्याहून फोन करा तेव्हा उपदेश न करता रात्रीची हकीकत विचारा. ही मुलं सांगणारी असतात, ऐकणारा मिळाला तर रंगवून सांगतात. रामटेकच्या रात्रीबद्दल विचारा: कुणी आधी म्हटलं, मनसरला थांबलात का, थंडी होती का, परत येताना डोळे मिटत होते का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, पण तो शेवटीच. सांगता सांगता कापलेले परिणाम त्याच्याच तोंडून परत येतात. माझ्याकडे एक मुलगा असंच बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "मॅडम, ट्रक किती जवळून गेला ते मी आत्ताच पहिल्यांदा आठवून राहिलो." यावर मी काहीही बोलले नव्हते. पाणी पुढे केलं फक्त.

थरार काढून घेऊ नका, पिंजरा द्या. पोहणं येत नाही म्हणता, तर पोहायला शिकवा, नीट, प्रशिक्षकाकडे, आणि शिकून होईपर्यंत कुठल्याही तलावात उतरायचं नाही, ही एक अट सौम्यपणे पण पक्की ठेवा. यावर मी तडजोड करत नाही. नागपूरला डोंगर नाहीत ही आपली जुनी खंत, सेमिनरी हिल्सला 'हिल्स' म्हणून समाधान मानणारे आपण. पण पचमढी आणि चिखलदरा एका रात्रीच्या अंतरावर आहेत, अनुभवी नेता असलेल्या गटाबरोबर टोळीसकट जाऊ द्या. गडावरची पहाट त्याला पाहिजेच असेल तर संध्याकाळी बसने रामटेकला जा, रात्री तिथेच मुक्काम करा आणि पहाटे चढा. त्याचं दृश्य त्याला मिळतं, झोपेत चालवलेल्या बाइकचा भाग गळून पडतो. हेल्मेट आणि पिऊन न चालवणं, या दोन गोष्टींवर वाद होऊ शकत नाही. उशीर झाला, गाडी बिघडली, कुणी प्यायलेलं असलं, तर कितीही वाजता फोन कर, त्या रात्री कुणी एक शब्द बोलणार नाही, असं वचन आईकडून त्याला मिळवून द्या. आणि ते पाळा. एकदा मोडलं की पुन्हा फोन येत नाही.

हे सगळं मी धरून चाललेय की तो मुळात बरा आहे. काही खुणा दिसल्या तर मात्र माझं वरचं उत्तर बाजूला ठेवा. दोन-तीन तास झोपून आठवडाभर टवटवीत, बोलणं भरभर, अचानक मोठे खर्च, मोठमोठे बेत: हे थरारप्रेम नसतं, मूडचा आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. भांडणानंतर एकटाच गाडी काढून जाणं, 'झालं तर झालं' अशी भाषा: याला धाडस समजू नका, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. नशा वाढत असेल तर तेही वेगळं प्रकरण. आणि वाचनाच्या बाजूने एक खूण सांगते. पुस्तक हातात नसतानाही तो तासन्‌तास स्वतःच्या डोक्यातल्या कथेत फेऱ्या मारत असेल, त्यापायी अभ्यास, जेवण, माणसं सुटत असतील आणि त्याला स्वतःलाच ते थांबवता येत नसेल, तर ते साधं गुंगणं राहिलेलं नाही. एली सोमर यांनी 2002 मध्ये अशा दिवास्वप्नांचं वर्णन केलं, त्यावर उपचारात काम करता येतं. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी 14416 वर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात ओपीडी असते. तिथे जायला लाजायचं कारण नाही.

मुख्य प्रश्नाचं थेट उत्तर राहायला नको: नाही, गोष्टीत बुडणारी मुलं बुडतात म्हणून बेदरकार होत नाहीत. तुमच्या भावात दोन्ही ओढी एकत्र आल्यात, त्यातली एक जन्मापासूनची आहे, दुसरी बहुधा वयाची. एकीला कुलूप लावून दुसरी बंद होणार नाही.

एक उत्सुकता म्हणून विचारते. कुलूप लागलं तेव्हा तो कुठलं पुस्तक वाचत होता आणि कुठवर आला होता, ते आईला ठाऊक आहे का? नसेल तर त्यालाच विचारा, ते पुस्तक कपाटातून पहिलं बाहेर काढा आणि त्याच्या उशाशी ठेवा. मागच्या सीटवर कोण असतं ते कळलं की इथेच कळवा, त्यावरून पुढचं बोलू.